नाव न विचारणारी माणसे

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांचे कपाट आवरताना निळ्या चौकटींचा एक सदरा हाती आला. अब्बा पांढऱ्या किंवा फिक्या रंगाशिवाय दुसरे काही घालत नसत. शिवाय हा सदरा त्यांच्या मापाचाही नव्हता. खांद्यात तंग, बाह्या मनगटाच्या वर राहणाऱ्या. माझ्या धाकट्या भावाने तो गरजूंना द्यायच्या गाठोड्यात टाकला. अम्मीने लगेच वाकून तो बाहेर काढला.

"हा नको," ती म्हणाली. "हा आपला नाहीच. हा चुनाभट्टीचा आहे."

मग आम्हाला आठवले. आमच्या घरात अनेक वर्षे हा विषय निघत असे. पाऊस सुरू झाला की अब्बा हटकून ही हकीकत सांगायचे, आणि शेवटी प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचे, "त्या बाईचा मुलगा घरी पोहोचला असेल ना?"

२६ जुलै २००५ या तारखेबद्दल मुंबई आणि परिसरात कोणाला फारसे सांगावे लागत नाही. त्या दिवशी दुपारनंतर जो पाऊस सुरू झाला, त्याची चोवीस तासांची नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला मात्र ७३ मिलिमीटर पाऊस पडला. त्यामुळे दक्षिण मुंबईत काम करणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पनाच नव्हती. अब्बा मस्जिद बंदरला सुक्या मेव्याच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. नेहमीप्रमाणे त्यांनी पनवेल लोकल पकडली. गाडी चुनाभट्टीच्या अलीकडे थांबली ती थांबलीच.

दोन-अडीच तास वाट पाहून लोक रुळांवर उतरले. एकमेकांचे हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालू लागले. अंधार झाला होता, दिवे गेले होते. एका चाळीच्या जिन्यावर उभी असलेली बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत होती, "वर या, वर या, पुढे पाणी जास्त आहे." अब्बांसह सात जण तिच्या एका खोलीत शिरले. तिने चहा केला, पिठले-भाकरी केली. अब्बा थंडीने कुडकुडत होते, तेव्हा तिने खुंटीवरचा सदरा काढून दिला. "माझ्या मुलाचा आहे. तो अंधेरीला कामाला जातो. अजून आला नाही," एवढेच ती बोलली.

थोड्या वेळाने अब्बांनी संकोचत विचारले की नमाज पढायला थोडी जागा मिळेल का. तिने कोपऱ्यातली भांडी बाजूला केली, धुतलेली चादर अंथरली आणि बाकीच्यांना म्हणाली, "जरा सरकून बसा, त्यांची प्रार्थना आहे." तोपर्यंत कोणी कोणाला नाव विचारले नव्हते. त्यानंतरही विचारले नाही.

पहाटे पाणी ओसरायला लागल्यावर अब्बा निघाले. मुलगा तोवर आलेला नव्हता. मानखुर्दपर्यंत पायी, पुढे खाडीपूल, मग मिळेल त्या वाहनाने ते दुपारी खांदा कॉलनीत पोहोचले. अम्मी रात्रभर खांदेश्वर स्टेशनच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन येत होती. अब्बांच्या अंगावर परक्याचा निळा सदरा पाहून ती आधी घाबरली, मग रडली.

त्या वर्षी नोव्हेंबरात ईद आली. अब्बा शीरखुर्म्याचा डबा आणि धुऊन इस्त्री केलेला सदरा घेऊन चुनाभट्टीला गेले. पण अंधारात, पाण्यात पाहिलेली चाळ उजेडात कशी ओळखणार? सगळे जिने सारखेच दिसत होते. विचारायचे तर काय विचारायचे? नाव माहीत नव्हते. दोन तास फिरून ते परत आले. डबा त्यांनी स्टेशनबाहेरच्या मुलांना वाटला. सदरा परत कपाटात गेला, तो त्यांच्या इंतकालापर्यंत तिथेच होता.

मोठे शहर आणि कोरडे मन

शहरात माणुसकी उरली नाही, हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. गावाकडून आलेले नातेवाईक तर हमखास म्हणतात, "तुमच्याकडे शेजारच्या दाराआड कोण राहते तेही कळत नाही."

त्यात तथ्य नाही असे नाही. आमची खांदा कॉलनी ही सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलचा पश्चिमेकडचा भाग. नाव मूळच्या खांदा गावाचे, खांदेश्वराच्या मंदिराचे आणि तळ्याचे. पण आज इथे राहणाऱ्यांत कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, उत्तरेतले, दक्षिणेतले, सगळेच आहेत. जुन्या पनवेलची नगरपालिका १८५२ची. तिथल्या मोहल्ल्यांत तीन-तीन पिढ्या एकमेकांना ओळखतात. आमच्याकडे मात्र तीन वर्षे शेजारी राहिलेले कुटुंब एके दिवशी टेम्पोत सामान भरून निघून जाते आणि त्यांचे आडनावही आपल्याला धड माहीत नसते. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि या वसाहतीचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालू लागला. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. माणूस थकतो आणि थकलेला माणूस नजर चुकवतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९७० मध्ये नेमके हेच मांडले होते. शहरी माणूस दुष्ट नसतो. त्याच्या डोळ्यांवर, कानांवर, मनावर एकाच वेळी इतक्या गोष्टी आदळत असतात की तो स्वतःला वाचवण्यासाठी आजूबाजूचे बघणे कमी करतो. म्हणजे कोरडेपणा हा त्याचा स्वभाव नसून सवय असते.

पण सवय प्रत्येक शहरात सारखी नसते. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २३ देशांतल्या मोठ्या शहरांत साध्या चाचण्या घेतल्या. रस्त्यात पेन पडले तर कोणी सांगते का? पायाला दुखापत झालेल्या माणसाच्या हातून मासिके पडली तर कोणी उचलून देते का? अंध माणसाला कोणी रस्ता ओलांडून देते का? २००१ मध्ये निष्कर्ष आले. ब्राझीलचे रिओ दि जानेरो पहिले होते. आपले कोलकाता, गर्दी आणि गरिबी असूनही, वरच्या फळीत होते. श्रीमंत न्यूयॉर्क तळाच्या शहरांत होते. म्हणजे खिसा भरलेला असला की हात आपोआप पुढे होतो असे नाही, आणि खिसा रिकामा असला म्हणून हात आखडतोच असेही नाही. चुनाभट्टीच्या त्या एका खोलीत हेच दिसले होते.

बाजूला बसलेला सोबती

हार्बर लाइनच्या महिला डब्यात मी पंधरा वर्षे प्रवास केला. तिथले काही अलिखित नियम आहेत. उभ्या असलेल्या बाईची जड पिशवी बसलेली बाई न सांगता मांडीवर घेते. "कुठे उतरणार?" या प्रश्नाचा अर्थ चौकशी नसतो, तुमच्यानंतर ती जागा कोणाला मिळणार याची ती व्यवस्था असते. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा होते. गरोदर बाई चढली की कोणीतरी उठतेच, आणि कोणी उठले नाही तर दुसरी कोणीतरी आवाज चढवून उठवते.

रमजानमध्ये संध्याकाळच्या गाडीत अनेकदा मगरिबची वेळ होते. पहिल्या वर्षी मी पर्समध्ये खजुरांची छोटी डबी ठेवली होती, पण पाण्याची बाटली कार्यालयातच विसरले. वाशी मागे पडली होती. समोर बसलेली बाई मेथी निवडत होती. मोबाइलमधली अजान ऐकून मी खजूर हातात घेतला आणि शेजारणीकडे पाणी मागावे की नाही या विचारात पडले. तेवढ्यात त्या बाईने मेथीची पिशवी बाजूला ठेवली, आपली बाटली पुढे केली आणि म्हणाली, "आधी पाणी घ्या. तोंडाला कोरड पडली असेल." मी डबी पुढे केली. तिने एक खजूर घेतला, तिच्या शेजारणीनेही घेतला. त्यानंतर संपूर्ण महिनाभर त्या बाकावर माझ्यासाठी पाणी असायचे. मानसरोवरला ती उतरून जायची. तिचे नाव मला आजही माहीत नाही.

कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत ३६) ज्यांच्याशी भले वागायला सांगितले आहे, त्यांत आई-वडील, नातेवाईक, यतीम, गरजू, जवळचा शेजारी, परका शेजारी आणि प्रवासी यांच्यासोबत "बाजूला असलेला सोबती" हाही आहे. भाष्यकारांनी त्यात प्रवासात घटकाभर शेजारी बसणारा माणूसही धरला आहे. लोकलच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईचा आपल्यावर हक्क आहे, असा हा विचार आहे. ती कोण, कुठली, कोणत्या धर्माची हा प्रश्न त्यात येतच नाही.

आणि हक्क केवढा? फार मोठा नाही. कुरआनमधली १०७वी सूरह "अल-माऊन" अवघ्या सात आयतींची आहे. माऊन म्हणजे रोजच्या वापरातल्या किरकोळ वस्तू. पातेले, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणे जुन्या विद्वानांनी दिली आहेत. दाखवण्यासाठी नमाज पढणाऱ्यांची जी निंदा या सूरहमध्ये आहे, तिच्यात अशी किरकोळ वस्तू द्यायलाही नकार देणे हे लक्षण सांगितले आहे. आपण दानधर्म म्हटले की मोठ्या रकमांचा विचार करतो. इथे बादलीचा विचार केलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणे हाही सदका असल्याचे सांगितले, ही हदीस तर आपल्या मुलांनाही पाठ असते.

मोहर्रममध्ये आपण सबील लावतो. उन्हाळ्यात आपले हिंदू शेजारी पाणपोई लावतात. सबील या शब्दाचा मूळ अर्थ रस्ता. प्रवाशाला म्हणतात इब्नुस्सबील, म्हणजे वाटेचा लेक. जकातीच्या आठ हक्कदारांत तोही आहे. वाटेवरच्या माणसाला पाणी देताना नाव विचारायचे नसते, हे दोन्ही परंपरांना ठाऊक आहे.

या लाइनची काही माणसे

हार्बर लाइनचे दुसरे टोक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री तिथे गोळीबार सुरू झाला. विष्णू झेंडे तेव्हा उद्घोषकाच्या खोलीत ड्यूटीवर होते. पळून जाण्याऐवजी ते माइकवर बसून राहिले आणि प्रवाशांनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कितीतरी माणसे त्या आवाजाच्या आधाराने वाचली. त्याच रात्री स्टेशनबाहेर चहाचा व्यवसाय करणाऱ्या महंमद तौफिक शेख यांनी, ज्यांना लोक "छोटू चायवाला" म्हणून ओळखतात, जखमींना उचलून सेंट जॉर्ज रुग्णालयात पोहोचवायला मदत केली. झेंडेंना आपल्या आवाजाने वाचणारी माणसे दिसत होती, पण ती कोण हे ठाऊक नव्हते. तौफिक यांनी जखमींचा धर्म तपासला नव्हता.

१७ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ठाणे जिल्ह्यातल्या वांगणी स्टेशनवर एका दृष्टिहीन आईचा हात धरून चालणारे मूल तोल जाऊन रुळांवर पडले. समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतः क्षणभरात वर आले. ते चित्रीकरण देशभर पाहिले गेले. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. रेल्वेने त्यांना ५०,००० रुपयांचे बक्षीस दिले, तेव्हा त्यांनी त्यातली निम्मी रक्कम त्या मुलासाठी दिली. जीव वाचवणे ही एका क्षणाची गोष्ट होती. बक्षिसातला अर्धा वाटा देण्यासाठी मात्र विचार करायला वेळ होता, आणि त्या वेळातही त्यांचे मन बदलले नाही.

नाव विचारले जाते तेव्हा

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख गोड झाला असता, पण अपुरा राहिला असता. कारण याच शहरात नाव विचारलेही जाते.

माझ्या भावाचे लग्न ठरले तेव्हा आम्ही त्याच्यासाठी जवळच भाड्याचे घर शोधत होतो. फोनवर सगळे ठरायचे. भाडे, अनामत, कोणता मजला, पाणी कधी येते. मग शेवटी एजंट विचारायचा, "नाव काय म्हणालात?" आणि नाव सांगितल्यावर घर "कालच गेलेले" असायचे. असे चार वेळा झाले. पाचव्या घराच्या मालकीणबाईंनी नाव ऐकून फक्त एवढेच विचारले, "लग्नाला किती दिवस राहिले? मग रंगाचे काम लवकर उरकायला हवे." भाऊ तिथे सहा वर्षे राहिला.

मी कधी कधी विचार करते, पुराच्या रात्री जी माणसे नाव न विचारता दार उघडतात, तीच माणसे ऊन पडल्यावर नाव विचारून दार लावून घेतात का? काही वेळा हो. संकटात समोर फक्त भिजलेला माणूस दिसतो. शांततेच्या काळात तो कोणत्या गटातला हे आधी दिसते. ही खंत आपल्या अनेक घरांत आहे आणि ती खोटी नाही.

पण मग आरसा आपल्याकडेही वळवायला हवा. आपल्या इमारतीत आलेल्या वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या खाण्याच्या कुटुंबाकडे आपण इफ्तारची थाळी पाठवतो का, की ती फक्त ओळखीच्या दारांवरच फिरते? घरी कामाला येणाऱ्या बाईला आपण वेगळ्या कपात चहा देतो का? आपल्या सदक्याच्या यादीत वाटेचा लेक आहे का, की तिथेही आपण आधी नाव विचारतो? ज्या गोष्टीने आपल्याला दुखते, ती आपल्या हातून दुसऱ्याला होऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

ज्या दिवशी मी थांबले नाही

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही रात्री गाडीतून शीव-पनवेल महामार्गाने घरी येत होतो. एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. बाजूला एक तरुण हालचाल न करता पडला होता. तीन-चार माणसे लांब उभी होती. शोहरांनी वेग कमी केला. माझ्या तोंडून निघाले, "पोलिसांचे लफडे होईल. चला." आणि आम्ही निघालो. मागच्या सीटवर माझी आठ वर्षांची मुलगी होती. तिने विचारले, "अम्मी, आपण का नाही थांबलो? नानांना तर त्या आजींनी वर बोलावले होते."

माझ्याकडे उत्तर नव्हते. तो तरुण वाचला की नाही हे मला कधीच कळले नाही. चुनाभट्टीच्या मुलाबद्दल अब्बांना जो प्रश्न पडायचा, तसाच एक प्रश्न आता माझ्याकडे आहे. फरक एवढाच की अब्बांचा प्रश्न काळजीचा होता, माझा शरमेचा आहे.

खांदा कॉलनीतल्या माणसासाठी हा विषय दूरचा नाही. शीव-पनवेल महामार्ग आपल्या उशाशी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुरू होतो. गोव्याचा महामार्ग पळस्प्याहून कोकणात उतरतो. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी रस्त्यात पडलेला माणूस दिसणार आहे. म्हणून मी नंतर जी माहिती मिळवली, ती इथे देते. ती मला त्या रात्री माहीत असायला हवी होती.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२०च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव, पत्ता किंवा ओळख सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. धर्म, जात, राष्ट्रीयत्व किंवा लिंग यांवरून भेद न करता त्याला सन्मानाने वागवायचे आहे. त्याने स्वखुशीने साक्षीदार व्हायचे ठरवले तर गोष्ट वेगळी, पण सक्ती नाही. म्हणजे चुनाभट्टीच्या आजींनी जे आपणहून केले, ते आता कायद्यानेही मान्य केले आहे. इथे नाव विचारायचे नाही.

गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे बक्षीस सुरू केले. २०२५ मध्ये ही रक्कम २५,००० रुपये झाली. त्याच वर्षी रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोखीशिवाय उपचारांची योजनाही लागू झाली. आपण बक्षिसासाठी थांबणार नाही हे खरे. पण "पैसे कोण भरणार?" या भीतीने कोणी मागे हटू नये म्हणून हे माहीत असावे.

करायचे काय, तर अगदी थोडे. आपली गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून मागचे दिवे लुकलुकते ठेवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ लावून जागेची नेमकी खूण सांगावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ ओढणी किंवा रुमाल घट्ट दाबून धरावा. मान किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल आणि आग किंवा वाहनांचा धोका नसेल, तर जखमीला उगाच हलवू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावे. यातले काही जमले नाही तरी शेवटचे तर कोणालाही जमते.

देणाऱ्याला कळत नाही

अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी शिकागोच्या बर्फावरच्या घसरखेळाच्या मैदानात एक साधा प्रयोग केला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थंडीत काही लोकांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि तो एखाद्या अनोळखी माणसाला द्यायला सांगितले. मग देणाऱ्याला विचारले, घेणाऱ्याला किती बरे वाटले असेल? आणि घेणाऱ्यालाही विचारले. देणाऱ्यांचा अंदाज नेहमी कमी निघाला. घेणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त बरे वाटले होते. देणारा फक्त कपाकडे बघत होता. घेणाऱ्याला त्यामागचा जिव्हाळा जाणवत होता.

चुनाभट्टीच्या त्या आजींना काय वाटले असेल? एक सदरा दिला, एवढेच. तो सदरा पनवेलच्या एका घरात इतकी वर्षे जपला गेला, त्याची हकीकत नातवंडांपर्यंत पोहोचली, एक माणूस आयुष्यभर त्यांच्या मुलासाठी दुआ मागत राहिला, हे त्यांना कधीच कळले नसेल. मेथी निवडणाऱ्या बाईलाही कळले नसेल की कोणीतरी तिच्याबद्दल लिहील. आपण केलेल्या छोट्या गोष्टीचे पुढे काय होते हे आपल्याला सहसा दिसत नाही. म्हणूनच कदाचित त्यांची नोंद दुसरा कोणीतरी ठेवतो, असा आपला विश्वास आहे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्याखाली घरपोच जेवण आणून देणारा एक मुलगा ओलाचिंब होऊन उभा होता. गाडी बंद पडली होती. अम्मीने वरून पाहिले आणि त्याला हाक मारली, "वर ये बेटा." तिने त्याला टॉवेल दिला, चहा दिला आणि अब्बांचा एक पांढरा सदरा दिला. निळा नाही. तो अजून कपाटातच आहे. तो मूळ मालकाचा आहे आणि कोण जाणे, कधी भेट झाली तर.

मुलगा सदरा घालून निघाला, तेव्हा दारात थांबून म्हणाला, "आजी, उद्या धुऊन परत आणून देतो. कोणाचे घर म्हणून विचारू?"

अम्मी हसली. "परत आणू नकोस. कधीतरी दुसरा कोणी भिजलेला दिसला तर त्याला दे."

तो गेल्यावर माझ्या मुलीने विचारले, "नानी, त्याचे नाव काय होते?"

"विचारलेच नाही," अम्मी म्हणाली.

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या मुलांना एक गोष्ट सांगा. ज्या अनोळखी माणसाने तुम्हाला कधी पाणी दिले, रस्ता दाखवला, जागा दिली किंवा दार उघडले, आणि ज्याचे नाव तुम्हाला माहीत नाही, त्याची गोष्ट. प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट नक्की निघेल. मग त्याच्यासाठी दुआ मागा. आणि सकाळी घराबाहेर पडाल तेव्हा पिशवीत एक जादा पाण्याची बाटली ठेवा.